सराव न केलेली बाई

मावशीला चेहरे दिसतात, पण ते कुणाचे आहेत हे कळत नाही. पहिल्यांदा ऐकणारा माणूस हमखास विचारतो, "म्हणजे अंधुक दिसतं का?" अंधुक नाही. नाक दिसतं, डोळे दिसतात, हनुवटीवरचा तीळ दिसतो. सुईत दोरा ती अजूनही चष्म्याशिवाय ओवते. फक्त हे सगळं मिळून एक माणूस होत नाही. तिचे यजमान, आमचे काका, म्हणायचे, "हिच्याकडे टपाल सगळं पोचतं, पत्ता तेवढा वाचता येत नाही." काका हसून म्हणायचे आणि मावशीही हसायची. बाहेरून आले की ते दारातूनच आवाज द्यायचे, "मी आहे गं." स्वतःच्या घरात स्वतःची वर्दी द्यायची त्यांना सवयच लागली होती.

आजारपणाआधी मावशी प्राथमिक शाळेत शिकवायची. मग तो ताप आला, मेंदूला सूज आली, आणि ती वाचते की नाही अशी पाळी आली. वाचली. घरी आली तेव्हा चालत होती, बोलत होती, पाढे म्हणत होती. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. थोडी ताकद आल्यावर ती ताईला, म्हणजे तिच्या मुलीला, शाळेतून आणायला गेली. ताई तेव्हा दुसरीत होती. आईची गंमत करावी म्हणून ती काही न बोलता तिच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. मावशी तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत राहिली. ताईने शेवटी तिचा हात ओढला, "आई, मी आहे ना!" तेव्हा मावशी दचकली. ताई मला एकदा म्हणाली होती, की आईने ओळखलं नाही याचं तेव्हा एवढं काही वाटलं नाही, पण आपल्या हाताने आई दचकली, ते मनात राहून गेलं.

शाळेची नोकरी सुटली. वर्गभर सारख्या गणवेशातली पोरं, आणि कुणाचा कान धरायचा तेच बाईंना कळेना, म्हटल्यावर दुसरं काय होणार.

उपाय ताईने काढला. मावशीने वर्गात मुलांना जशी अक्षरं शिकवली, एकेक वळण बोट फिरवून, तसे ताई आईला चेहरे शिकवू लागली. रोज संध्याकाळी पलंगावर फोटो मांडायचे. त्यांत ताईचे स्वतःचे, काकांचे, माझ्या आईचे आणि शेजारच्या आजींचे फोटो असत.

"भुवई बघ. डावी. मध्ये तुटलीय की नाही?"

"तुटलीय."

"मग कुणाची?"

"थांब, सांगते... तुझी. झोपाळ्यावरून पडलीस तेव्हाची."

"बरोब्बर. आता ही?"

"ही... माझी बहीण?"

"आई! तो बाबांचा कॉलेजातला फोटो आहे. लक्ष कुठंय तुझं?"

'लक्ष कुठंय तुझं' हे मावशीचंच वर्गातलं वाक्य. दोघी पोट धरून हसायच्या. वर्ष उलटता उलटता मावशीला ताईचा चेहरा यायला लागला. केस झाकले, आवाज काढला नाही, तरी भुवईवरून, ओठाच्या कोपऱ्यावरून, जरा वेळ लागायचा, पण यायचा.

याच सुमारास दवाखान्याने तिला संशोधन संस्थेत पाठवलं, आणि तिथे तिला सर भेटले.

सर मेंदूचे अभ्यासक. शांत आवाजाचे आणि नीटस. मावशीला ते "बाई" म्हणायचे, कारण ती शिक्षिका होती हे ते एकदाही विसरले नाहीत. दर बुधवारी दुपारी संस्थेत व्याख्यान असे. उतरत्या रांगांचं सभागृह, मागच्या भिंतीला चहाचं टेबल, बिस्किटांच्या बशा, समोर पडदा. श्रोत्यांत एका बाजूला मेंदूवाले बसत आणि दुसऱ्या बाजूला तत्त्वज्ञानवाले. मधल्या रांगा बहुधा रिकाम्या. मावशी पडद्याशेजारच्या खुर्चीत बसायची. सर एकेक चेहरा दाखवत, केस आणि कपडे कापून टाकलेला, नुसता लंबगोल.

"बाई आहे. तरुण असावी. ओळखत नाही," मावशी म्हणायची.

"आणि हा?"

"पुरुष. रागावलाय. ओळखत नाही."

शेवटचा चेहरा नेहमी एकच. "मध्यमवयीन बाई. दमलेली दिसते. नाही ओळखत." मग सर हलकेच सांगत, की या त्या स्वतःच आहेत. सभागृहात एक श्वास ओढल्याचा आवाज व्हायचा. तो आवाज मावशीला पाठ झाला होता.

त्यानंतर वाद. तत्त्वज्ञानवाल्यांत एक लांब हातांचे प्राध्यापक होते. काकांनी त्यांचं नाव शंकासुर ठेवलं होतं. ते उठून विचारत, "बाई 'ओळखत नाही' म्हणतात, तेव्हा नेमकं काय नसतं? चेहरा नसतो, की त्या चेहऱ्याबरोबर यायचा जिव्हाळा नसतो?" मेंदूवाले वैतागत. चहा निवून जाई. मावशी दोन्हीकडे मान वळवून ऐकत राही, जणू तिच्या दोन वर्गांची भांडणं लागली आहेत.

तिला तिथे जायला आवडायचं, हे मान्य करायला हवं. बाहेर ती शिष्ट ठरली होती. रस्त्यात ओळख देत नाही, लग्नाकार्यात तोंड फिरवते, आजारातून उठल्यापासून डोक्यात हवा गेलीय, असं नात्यातले बोलत. इथे ओळखलं नाही म्हणून कुणी रुसत नव्हतं. आणि मोठ्या परिषदा असल्या की प्रत्येकाच्या गळ्यात नावाची पट्टी असे. मावशी छातीकडे बघून एकेकाला नावाने हाक मारायची. जगात तेवढ्याच एका ठिकाणी तिला सगळे ओळखू यायचे. "असं सगळीकडेच केलं तर?" ती काकांना म्हणायची. काका म्हणायचे, "मी घालतो उद्यापासून. आंघोळीला काढली तर चालेल ना?"

एका बुधवारी सरांनी, तिला न सांगता, लंबगोल चेहऱ्यांत ताईचा फोटो घातला. काकांकडून मागून घेतला होता. हे सभागृहात नाही, त्यांच्या खोलीत चाचणी चालू होती तेव्हा.

"ही माझी मुलगी," मावशी म्हणाली. नंतर आम्हाला सांगताना ती खुर्चीतून अर्धवट उठून दाखवायची, तेव्हा कशी उठली होती ते.

सरांची लेखणी थांबली. "कशावरून?"

"भुवई बघा ना. आम्ही रोज संध्याकाळी बसतो. तिनेच शिकवलंय."

"कधीपासून?"

मावशीने सांगितलं. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते वाईट माणूस नव्हते, रागावलेही नाहीत. म्हणाले, "बाई, मुलगी हुशार आहे. पण हे ओळखणं नव्हे, हे पाठांतर झालं. घोकून उत्तर देणारं मूल आणि समजून उत्तर देणारं मूल, यातला फरक मी तुम्हाला काय सांगायचा? तुमच्याइतका शुद्ध बिघाड आम्हाला दुसरीकडे बघायला मिळालेला नाही. सराव झाला की तो गढूळ होतो. थोडे दिवस बंद ठेवा. मूळ काय बिनसलंय ते एकदा समजू दे, मग आपण नीट शिकवू."

दुसऱ्या कुठल्याही शब्दाने मावशी बधली नसती. पण आयुष्यभर तिने घोकंपट्टी करणाऱ्या मुलांच्या वह्यांवर लाल रेघा मारल्या होत्या. 'पाठांतर' म्हटल्यावर तिची मान खाली गेली.

संध्याकाळी ताईने फोटो मांडले, तर तिने ते गोळा करून ठेवले.

"का पण?"

"सर म्हणाले, थोडे दिवस नको."

"मला येतंय ना शिकवायला!"

"तुला येतंय गं. पण सरांना मुळातलं कळलं की सगळंच बरं होईल. तुझं एकटीचं नाही, सगळ्यांचं."

"मला सगळ्यांचं नकोय," ताई म्हणाली. तेव्हा ती चौथीत असेल.

थोडे दिवस सरले नाहीत. एक चाचणी संपली की दुसरी निघायची, आणि तिच्यासाठीही बाई कोरी लागायची. सर देशोदेशी बोलू लागले. त्यांच्या लेखांत मावशीला 'क बाई' असं नाव होतं, आणि काका तिला चहा देताना "घ्या, क बाई" म्हणत. इकडे ताईचा चेहरा बदलत गेला. गाल उतरले, भुवई तिने कोरून घेतली, चष्मा लागला. आपणही दारातून "मी आहे" म्हणायचं, हे ती बापाकडून शिकली. फरक एवढाच, की काका ते लाडाने म्हणायचे.

काका गेले, तेव्हा त्यांना खोलीत आणून ठेवलं होतं. आवाज नाही, चाल नाही, हालचाल नाही. मावशी बराच वेळ उभी राहिली. मग तिने चादर बाजूला करून त्यांचा उजवा हात बाहेर काढला, अंगठ्याचं ते कायमचं चिरलेलं नख बघितलं, आणि मगच रडली.

गेल्या वर्षी सर निवृत्त झाले. संस्थेने त्यांच्या सन्मानासाठी दोन दिवसांची परिषद ठेवली. मावशीला पहिल्या रांगेत जागा होती. ताईने रजा टाकली होती. ती आणि मी मागे बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सरांचीच एक तरुण विद्यार्थिनी बोलायला उभी राहिली. हुशार, भरभर बोलणारी. चेहरे न ओळखणाऱ्या रुग्णांची वर्षानुवर्षांची माहिती तिने एकत्र केली होती. पडद्यावर रेघा उमटल्या. आजारानंतरच्या पहिल्या काही वर्षांत ज्यांच्या घरच्यांनी रोज सराव करून घेतला, त्यांच्या रेघा हळूहळू वर चढत होत्या. त्यांना घरातली माणसं तरी ओळखू येऊ लागली होती. "ती वर्षं महत्त्वाची दिसतात," ती म्हणाली. "तुलनेसाठी आपल्याकडे अजिबात सराव न केलेला एक रुग्ण आहे. अशी नोंद फार दुर्मीळ." सगळ्यांच्या खाली एक रेघ होती, फळीसारखी सपाट. सुरुवातीला जराशी वर उचलली होती, आणि मग तिथून आडवी.

ताईचा हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट झाला.

प्रश्नांची वेळ आली. मावशीने हात वर केला. इतक्या बुधवारांत तिने प्रश्न विचारल्याचं कुणाला आठवत नव्हतं. ध्वनिक्षेपक हातोहात तिच्यापर्यंत आला.

"ती खालची रेघ," ती म्हणाली, "मी आहे ना?"

ती विद्यार्थिनी गोंधळली. "सॉरी, रुग्णाची ओळख आम्हाला सांगता येत नाही."

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"ती सुरुवातीला वर गेलीय बघा," मावशी पडद्याकडे बोट दाखवत म्हणाली. "ते माझ्या मुलीने शिकवलेलं. पाठांतर नव्हतं ते."

शंकासुर आता काठी टेकत येत. ते बसल्या जागेवरून म्हणाले, "पाठांतर आणि ओळख यांची सीमारेषा कुठे, हाच तर..." आणि वाद सुरू झाला. सरांनी हात वर करून तो थांबवला. ते उभे राहिले, मावशीकडे वळले आणि भरल्या आवाजात म्हणाले, की या बाई नसत्या तर या सभागृहात यातलं काहीच झालं नसतं. टाळ्या पडल्या. लोक उभे राहिले. मावशी हातात ध्वनिक्षेपक धरून बसून राहिली. तो परत घ्यायला कुणाला सुचलं नाही.

चहाच्या वेळी ती तरुण मुलगी आमच्याकडे आली. तिचे डोळे ओले होते, हे खरं सांगायला हवं. म्हणाली, "इतक्या वर्षांनंतर सराव केला तर काय होतं, हे अजून कुणी पाहिलेलं नाही. बाई तयार असतील तर आपण करून बघू. रोज, घरी. मीच येत जाईन."

मावशीचा चेहरा उजळला. तिने शेजारी उभ्या असलेल्या ताईचा दंड धरला. "ऐकलंस? आता बसता येईल आपल्याला. चालेल म्हणतायत."

ताईचा आवाज कोरडा होता. "माझा फोटो असेल ना त्यात?"

मुलगी अडखळली. "तसं नाही घेता येणार. तुमच्या बाबतीत आवाज, आठवणी, आधीचं शिकवणं, सगळंच मिसळलेलं आहे. चेहरे पूर्ण अनोळखी लागतील. बाईंनी कधीही न पाहिलेले."

"म्हणजे तिने परक्यांना ओळखायला शिकायचं."

"सुरुवातीला. नंतर मग..."

"हे 'नंतर' मला माहितीय," ताई म्हणाली. मग आईकडे वळून, "आई, नाही म्हण."

मावशीने दोघींच्या मधे कुठेतरी पाहिलं. "काहीतरी येईल गं शिकायला," ती म्हणाली. "तुझा चेहरा आता मला कुठे यायचाय? त्यांनीच नाही का दाखवलं मघाशी?"

ताईने दंड सोडवून घेतला आणि कप ठेवायला टेबलाकडे गेली.

सराव या वर्षीच्या सुरुवातीपासून चालू आहे. संस्थेतली ती मुलगी येते, फोटोंचं पाकीट देते, घड्याळ लावते. परवा मी गेले तेव्हा ताईही आली होती, औषधं द्यायला. "मी आहे," दारातून म्हणाली आणि चप्पल न काढता उंबऱ्याशीच थांबली. मावशी खिडकीपाशी उजेडात बसली होती. तिने ताईला जवळ बोलावलं आणि पाकिटातून एक फोटो काढून तिच्यापुढे धरला. कापलेला लंबगोल, कुणीतरी तिशीतली बाई, रुंद कपाळ.

"ही बघ," मावशी म्हणाली. तिचा आवाज आनंदाने चढला होता. "हिला मी ओळखते. कुठेही दाखव, ओळखते. कपाळावरून."

ताईने फोटो हातात घेतला, नीट पाहिला. "छान आहे," म्हणाली. आणि औषधाची बाटली टेबलावर ठेवून, रात्री जेवणानंतर दोन चमचे, असं आईला दोनदा समजावून सांगितलं.