तीन नंबरच्या पॉलिहाउसमधली सावली

ईशान, तारा — तुम्ही लहान असताना भुताची गोष्ट मागायचात आणि मी तुम्हाला फ्यूज कसा उडतो ते समजावून सांगायचे. प्रत्येक गोष्टीला कारण असतं, हे माझं मत अजूनही कायम आहे. म्हणून हे जसं घडलं तसं, क्रमाने लिहिते आहे. चूक सापडली तर कळवा.

माझी पुतणी शिवानी तुम्हाला आठवत असेल. कान्हे स्टेशनपासून दहा मिनिटांवर तिची गुलाबाची चार पॉलिहाउस आहेत. गेल्या दिवाळीनंतर तिने तिथे एआय एजंट बसवला. प्रत्येक पॉलिहाउसमध्ये एक टॅब; कामगार त्याच्याशी बोलतात, आणि तो प्रोग्रॅम ठिबक सुरू करतो, बाजूचे पडदे उघडतो, वरची शेडनेट, म्हणजे सावलीची जाळी, ओढतो. अशा एकेका कामाला 'टूल' म्हणतात. कुठलं टूल कधी वापरायचं, हे त्याला स्पष्ट वाक्यांत लिहून द्यावं लागतं. मी तीस वर्षं तळेगावच्या एका कारखान्यात यंत्रांची मॅन्युअल्स लिहिली, म्हणून शिवानी म्हणाली, "काकू, हे तुझंच काम."

शेडनेटच्या टूलला मी लिहिलं होतं — कोणी सावली मागितली तर वापरावं. घाईतलं, ढिसाळ वाक्य. कोणी म्हणजे कोण?

जानेवारीत तीन नंबरमधली नेट रोज दुपारी आपोआप ओढली जाऊ लागली आणि संध्याकाळपर्यंत तशीच राहू लागली. ऊन मिळेना, त्यामुळे दांडे बारीक, कळ्या लहान... आणि फेब्रुवारीची ऑर्डर तोंडावर. एजंटच्या लॉगमध्ये, म्हणजे तो ठेवतो त्या नोंदींत, एवढंच: 'विनंतीवरून.'

शिवानीचा संशय तानाजींवर. अठरा वर्षं तिथले सुपरवायझर, आणि टॅब आल्यापासून नाराज. "यंत्र बिनकामाचं आहे हे दाखवायचंय त्यांना," ती म्हणाली. "महिनाअखेरीला त्यांना कामावरून कमी करते." खरं सांगते, मलाही तसंच वाटत होतं. त्यांच्या मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष चालू आहे हे माहीत असूनही.

पण पुराव्याशिवाय माणसाची नोकरी घालवायची नाही. मी टूलचं वर्णन बदललं — मागणाऱ्याचं नाव आणि शब्द जसेच्या तसे नोंदवल्याशिवाय नेट ओढू नये. नाव कळलं नाही तर तसं लिहावं.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर सगळ्यांना पॅकिंग शेडमध्ये बसवलं. तीन नंबर आतून नीट तपासलं, कुलूप लावलं, आणि दाराबाहेर खुर्ची टाकून तानाजींना समोर बसवलं. त्यांचा मोबाइल माझ्या मांडीवर.

"चोर पकडायला बसलाय व्हय, मावशी?"

"हो."

"बसा की. मला बी बघायचाय त्यो." जरा वेळाने म्हणाले, "शिवानीताईंचं लगीन व्हायच्या आदीपासनं हाय मी हितं."

मी घड्याळात पाहिलं.

दोन वाजून वीस मिनिटांनी आत मोटर सुरू झाली. आम्ही कुलूप काढून आत गेलो. नेट सरकत होती... आत कोणी नव्हतं. टॅबवर नोंद होती. नाव — सांगितलं नाही. शब्द — 'सावली करा. हितं बाई बसल्यात.'

"कुठली बाई?" मी विचारलं.

"मला काय म्हाईत, मावशी." तानाजी हळूच दाराकडे सरकले.

पॅकिंगमधल्या कमलला विचारलं. ती गुलाबांच्या गड्ड्या बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "तिसऱ्यात आमी दुपारचं बसत न्हाई."

"का?"

"बसत न्हाई."

शिवानी म्हणाली, माइक बाहेरचं बोलणं पकडत असेल. तिने टॅब बदलला. फरक नाही. शेवटी मी ते टूलच काढून टाकलं. त्या दुपारी पुन्हा कुलूप लावून आम्ही बाहेर बसलो. नेट हलली नाही. संध्याकाळी समाधानाने लॉग उघडला.

शब्द नोंदवायची अट टूलबरोबरच गेली होती. त्यामुळे समोरून काय बोललं गेलं ते नव्हतं. फक्त एजंटची उत्तरं होती. दोन वीसला — 'माफ करा, सावली करायची सोय आता माझ्याकडे नाही.' दोन पंचवीसला — 'हो, ऊन लागतंय हे समजलं. पण सोय नाही.' अशी पाच वाजेपर्यंत पानभर. शेवटचं — 'नाही, मी त्यांना उठायला सांगू शकत नाही.'

शिवानीने ते दोनदा वाचलं. मग उठून तानाजींकडे गेली. "भाऊ, माझं चुकलं. तुम्ही कुठेही जायचं नाही."

"मी कुटं जातोय, ताई," ते म्हणाले. "पर उद्या ती नेट वडा आदी."

माझीही माफी मागायची राहिली होती. ती मी मागितली.

फेब्रुवारीची ऑर्डर उरलेल्या तीन पॉलिहाउसमधून कशीबशी भागली. टॅबशी कोण बोलतं, बाई कोण — मला माहीत नाही. शिवानीचे इंजिनियर दोनदा येऊन गेले, त्यांनाही माहीत नाही. टूल मी परत जोडलं आहे. वर्णनात खाली एक ओळ वाढवली: तीन नंबरमध्ये दुपारी सावली मागितली गेली, तर नाव न विचारता करावी.

तीस वर्षांत, कारण न देता लिहिलेली माझी ही एकच सूचना.