मोडलेल्या लग्नांचा फोल्डर

"कॉन्व्हेंटवाल्या मॅडम माणसांशी बोलत नाहीत, कंप्यूटरशी तरी बोलतात का बघू."

पत्रिका छापणाऱ्याच्या दुकानात आमचे हवालदार शिपायाच्या कानात पुटपुटले. वीज जाऊन नुकतीच आली होती, पंखा अजून बंद होता, त्यामुळे मला स्पष्ट ऐकू आलं. मी मान वर केली नाही. इंग्रजी शाळेतून आलेली, मोजकं बोलणारी नवी फौजदार, अशी माझी भिवंडीतल्या ठाण्यात ओळख झालेली होती. नव्वदच्या दशकाची अखेर होती ती. पुढे मोठमोठे गुन्हे तपासले. तरी निवृत्तीनंतर मनात येतं ते हेच प्रकरण, आणि तो तर गुन्हाही नव्हता. कागदावर ती एक अकस्मात मृत्यूची नोंद होती.

दापोड्याच्या गोदामांमागच्या विहिरीत एका तरुण मुलीचं प्रेत सापडलं होतं. अंगावर मार नव्हता. पंचनामा झाला, शवविच्छेदनात बुडून मृत्यू निघाला. काठावर चपला होत्या आणि चपलांखाली दाबून ठेवलेली कापडी पर्स. पर्समध्ये एक कंगवा आणि लग्नपत्रिकेच्या प्रुफाचा फाटका तुकडा. त्यावर आंब्याच्या डहाळीवर बसलेली पोपटांची जोडी. नावांचा भाग फाडलेला. आसपासच्या सगळ्या ठाण्यांना बिनतारी संदेश गेले, पण अशी मुलगी हरवल्याची तक्रार कुठेच नव्हती. शवागृहातून निरोपावर निरोप येत होते. साहेब म्हणाले, "उद्यापर्यंत वारस मिळाला तर बरं. नाहीतर परवा सकाळी बेवारस म्हणून उरका."

तो तुकडा एका खबऱ्याने बघितला. तो पूर्वी कार्डांचे गठ्ठे वाहायचा. "मॅडम, ये तोते तो डीटीपीवाले के हैं," तो म्हणाला. "पूरे भिवंडी में दूसरा कोई नहीं बनाता."

म्हणून आम्ही त्या डीटीपीवाल्याच्या, म्हणजे कंप्यूटरवर पत्रिका जुळवून देणाऱ्याच्या, दुकानात होतो. मालकाने कबूल केलं, चित्र त्याचंच. कुणाला दिलं ते आठवेना. त्याच्या कंप्यूटरवर प्रत्येक लग्नाचा एक फोल्डर होता आणि असे फोल्डर शेकड्यांनी होते. एकेक उघडत बसलो असतो तर बेवारसचा दिवस उजाडला असता. मी नोकरीआधी सी या कंप्यूटरच्या भाषेचा कोर्स केला होता. घरून त्या कोर्सची फ्लॉपी मागवली आणि एक छोटं फंक्शन, म्हणजे कंप्यूटरला द्यायच्या सूचना, लिहिलं: फोल्डर शोध, त्यात पोपटांची फाइल आहे का बघ, असेल तर फोल्डरचं नाव दाखव. थोडीच नावं निघाली. हवालदार पत्ते घेऊन गेले आणि संध्याकाळी परत आले.

"सगळ्या सुखात आहेत, मॅडम. एकीने तर चहा पाजला. माझ्या बायकोपेक्षा बरी वागली म्हणायची माझ्याशी!"

शिपाई हसला. मी हसले नाही. मग हवालदारांनी मालकाकडे मोर्चा वळवला. "लपवतोस काय रे? ठाण्यात घेऊन जाऊ?"

"आईशप्पथ साहेब, सगळं समोर आहे तुमच्या."

तो घाबरला होता, पण त्याची नजर हवालदारांवर नव्हती. बाकावर एक कुटुंब कार्ड निवडत बसलं होतं, नवरीमुलगीही सोबत होती. मालक सारखा तिकडे बघत होता. घाबरलेला माणूस कोणाकडे बघतो ते आधी पाहावं, हे मी तिथे शिकले. मी त्याला मागच्या कागदांच्या खोलीत नेलं आणि दार लोटून घेतलं.

"मॅडम, गिऱ्हाइकासमोर कसं बोलू?" तो खालच्या आवाजात म्हणाला. "मोडलेली लग्नं मी वेगळी ठेवतो. चांगल्या लग्नांच्या रांगेत ठेवत नाही. अपशकुन होतो. फोल्डरच्या आत फोल्डर, त्याच्या आत टाकतो. मग माझ्याही डोक्यातून जातं."

माझं फंक्शन वरवरचेच फोल्डर बघून परत येत होतं. मी ते बदललं. एखादा फोल्डर दिसला की फंक्शनने त्याच्या आत शिरून स्वतःलाच पुन्हा बोलवायचं, आणि तळ लागेपर्यंत तेच करत राहायचं. पडद्यावर एकाच नव्या फोल्डरचं नाव आलं. त्यातल्या पत्रिकेत एक मुलगा, ज्येष्ठ कन्या म्हणून एक मुलगी, आणि गणेशपुरीकडच्या एका गावाचा पत्ता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही त्या गावात पोचलो. बाप भाताचं शेत करणारा, अंगात बंडी. आम्हाला बघून ओट्यावरून उठला.

"मोठी मुलगी कुठे आहे?" हवालदारांनी विचारलं.

"मामाकडं हाय."

मी प्रेताच्या चेहऱ्याचा फोटो पुढे केला. त्याने माझ्या बिल्ल्याकडे पाहिलं, अंगणाकडे पाहिलं. "ही माझी न्हाय."

दाराआड बाईमाणसाच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

"नीट बघ की!" हवालदार ओरडले.

"न्हाय म्हटलं ना. धाकटीचं जमलंय, साहेब. आता जमलंय. गावात गाडी नका उभी करू."

आम्हाला सगळं कळलं. मोठीचं लग्न मोडलं, ती घरातून निघून गेली, आणि धाकटीचं मोडू नये म्हणून घराने तिला मामाकडे पाठवलं होतं, नुसतं शब्दांनी. मालक मोडलेलं लग्न रांगेत ठेवत नव्हता, बापही ठेवत नव्हता. दोघांनाही मी दुष्ट म्हणणार नाही. मेलेलं माणूस तपासात सापडतं, पण त्याला आपलं म्हणायला लावणारं कलम कायद्यात नाही, हे मला या प्रकरणाने शिकवलं. बाप अखेर आमच्याबरोबर आला, ओळख पटवली, जबाबावर अंगठा दिला. धाकटीचं पुढे काय झालं ते मी कधी विचारलं नाही.

पण त्या ओट्यावर तो नाही म्हणत उभा होता, तेव्हा हवालदारांचा हात त्याच्या दंडाकडे गेला. मी त्यांना थांबवलं. सकाळपासून मी जवळजवळ बोललेच नव्हते. माझा आवाज मलाच परका वाटला.

"काका, उद्या सकाळी तिला बेवारस म्हणून नेणार आहेत. तुम्ही नाही आलात तर मी जाईन तिच्याबरोबर. पण तिला पोर म्हणणारं तिथे कोणी नसेल."