सातभाईंचा गलका

माझी नणंद ठार बहिरी आहे, हे आधीच सांगून ठेवते. तिला ऐकू येत असतं तर मला एवढं भ्यावं लागलं नसतं, आणि हे लिहायलाही मी बसले नसते.

तिचा नवरा गेला, माझाही गेला. मुलगा नागपूरला नोकरीला. आता घरात आम्ही दोघीच. आमचं गाव नागभीडहून चिमूरकडे जाताना आत पडतं, धानाच्या बांध्या संपतात तिथे. घरामागे सांदवाडी आहे. पेरू, सीताफळ, मुंगना म्हणजे शेवगा, वालाचा मांडव, आणि अगदी टोकाला एक मोठं मोहाचं झाड. झाडामागे बांबूचं कुंपण, कुंपणाला लागून रायमुनियाची, म्हणजे घाणेरीची झुडपं, मग नाला. नाल्यापलीकडे जंगलच.

शाळेत मी दुसरीपर्यंत गेले. वाचायला शिकले ती मुलाच्या पुस्तकांवरून, तो मोठ्याने वाचायचा आणि मी भाकरी थापता थापता अक्षरं बघायची. पाखरं मात्र कोणी शिकवली नाहीत. सकाळी मागच्या दाराच्या पायरीवर चहा घेऊन बसायचं आणि ऐकायचं, एवढंच. दयाळ शीळ घालतो, बुलबुल भांडतात, होला आपला घुमत बसतो. टकाचोर लांब शेपूट सावरत मोहाची फुलं खायला येतो. आणि सातभाई. मातकट रंगाची ही पाखरं दहा-बारा मिळून पाचोळा उपसत फिरतात, माहेरी आल्यासारखी सारखी बडबड. त्यांच्या ओरडण्यावरून मी ओळखायची. मांजर दिसलं की वेगळं, साप दिसला की वेगळं, वरून शिक्रा आला की एकच किंकाळी आणि मग चूप. बाया मला विचारायच्या, काय दिसलं त्यांना, आणि मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू.

नणंद हसायची. म्हणायची, "मले तं सारे सारखेच दिसतात वयनी. तोंड उघडून बसलेले."

त्या उन्हाळ्यात मी पाखरांसाठी पाणी ठेवलं. परातीत ठेवून पाहिलं, पण कुत्री उलटवायची. म्हणून बैल होते तेव्हाचं सिमेंटचं टाकं मोहाखाली अर्धं मातीत पुरलं आणि काठोकाठ भरलं. काय सांगू, कोणकोण यायला लागलं. पिवळाजर्द हळद्या आला. हिरवी हरियल जोडीनं उतरली. एक दिवस तो पांढऱ्या लांब शेपटीचा आला, ज्याला पुस्तकात स्वर्गीय नर्तक म्हणतात, आणि पाण्याला नुसता शिवून गेला. त्या दिवशी माझा चहा निवला तरी मला कळलं नाही.

पाणी रोज सकाळी चांगलं वीतभर कमी झालेलं असायचं. मला कोण आनंद. म्हटलं, बघा, किती पाखरं पिऊन जातात. टाक्याजवळच्या ओल्या मातीत एकदा पायांचे ठसे दिसले, तर शेजारच्या कुत्र्याला शिव्या दिल्या आणि मीच पायानं माती सारखी केली.

मोहफुलं पहाटे गळतात. उन्हं तापायच्या आत वेचली नाहीत तर गुरं खातात, नाहीतर सुकून धूळ लागते. नणंद लहानपणापासून या झाडाखाली वेचत आली. उकिडवी बसायची, मांडीजवळ टोपली, डोकं खाली, आणि बसल्या बसल्या पुढे सरकत जायची. होले तिच्या पायांशी दाणे टिपत फिरायचे, इतकी तिची सवय झाली होती त्यांना.

चैत्रातली सकाळ. सूर्य वर आला होता. नणंद मोहाखाली, मी पायरीवर. सातभाई सुरू झाले. मला वाटलं, मांजर आहे. चहाचा घोट घेतला. थांबेनात. मग टकाचोर ओरडला, काळा कोतवालही ओरडत खाली-वर करायला लागला. खारीचं चिर्रचिर्र सुरू झालं. मी म्हटलं, मांजर नाही, साप आहे, चांगली मोठी धामण असेल. आणि ओळखलं म्हणून मनात खूशही झाले. त्याची लाज मला आजही वाटते.

तेवढ्यात नणंद उभी राहिली. तिला आवाज नाही कळला. तिनं नंतर सांगितलं, पायांजवळचे होले एकदमच गेले, जमीन रिकामी झाली, म्हणून उठली. तिनं माझ्याकडे पाहिलं, हातानं विचारलं, काय आहे? मी हात नागमोडी हलवत खूण केली. साप.

ती पायाशी पाहायला लागली. साप दिसेना, तर पाचोळा नीट बघायला कंबरेतून खाली वाकली.

आणि तिच्या मागे मला बिबट दिसला.

आधी कान दिसले. वाळल्या पानांतून दोन कान, मग डोकं. कुंपणाच्या मोडक्या जागेतून अर्धा आत आलेला, पोट जमिनीला चिकटवलेलं. तिच्यात आणि त्याच्यात चार-पाच हात. तो तिच्या वाकलेल्या पाठीकडेच पाहत होता. आमच्याकडे लेकराबाळांनाही माहीत आहे, वाकलेल्या माणसाला तो जनावर समजतो. मोह वेचताना, तेंदूपत्ता तोडताना माणसं गेली ती अशीच वाकलेली गेली. आणि तिला मीच वाकवलं होतं.

ओरडायला तोंड उघडलं. पण तिला काय ऐकू येणार होतं? धावत गेले असते तर तो तिच्यावरच झेपावला असता. तिनं परत मान वर केली, साप नाही म्हणायला. तेव्हा मी दोन्ही हात डोक्याच्या वर नेले. भारा डोक्यावर घ्यायचा असला की आम्ही बाया एकमेकींना करतो ती खूण. उचल. डोक्यावर घे.

मला तेवढंच सुचलं.

तिनं कपाळाला आठी घातली, पण टोपली उचलली आणि डोक्यावर ठेवली. ताठ झाली. एकदम उंच दिसली. बिबटानं मान मागे घेतली. थोडा वेळ तो तसाच होता, आणि तो थोडा वेळ किती होता ते मला विचारू नका. मग झुडपं हलली आणि कान दिसेनासे झाले. सातभाई ओरडत नाल्याकडे गेले.

नणंद डोक्यावर टोपली घेऊन सावकाश चालत आली. पायरीपाशी थांबली, खाली पाहिलं, म्हणाली, "चहा सांडवला ना तुनं सारा. काय झालं?"

मी बोटांनी कान केले, पंजा केला. ती हसली, "काईतरीच." मग परत जाऊ लागली बघायला, तर मी तिच्या लुगड्याचा पदर धरला आणि सोडलाच नाही.

निरोप गेला तसा दुपारी नाकेदार आला, जंगलखात्याचा. टाक्याजवळ बसून त्यानं भोवतालची माती पाहिली.

"बाई, हा आजचा नोहे," तो म्हणाला. "हे ठसे जुने आहेत, हे त्याच्याहून जुने. आठ-दहा दिवसांपासून येऊन राह्यला पाणी प्याले. तुमाले समजलं नाई?"

रोज वीतभर पाणी कमी झालेलं पाहून मी टाळ्या तेवढ्या वाजवायच्या बाकी ठेवल्या होत्या. मी पाखरांना बोलावलं आणि पाखरांमागे त्यालाही. टाकं त्याच दिवशी मातीनं भरून टाकलं. नाकेदारानं झाडाला कॅमेरा बांधला, मोह वेचू नका म्हणाला आणि गेला. मुलाचा फोन आला, "दोघी नागपूरले या." नणंदेला मी ते हातवारे करून सांगितलं, तर ती म्हणाली, "अन् मोह? मोह पडून राह्यला तं माह्यानं पाहवत नाई." दुसऱ्या सकाळी टोपली घेऊन निघालीच.

म्हणून मी दोर काढला. विहिरीचा जुना दोर. एक टोक तिच्या कंबरेला, एक माझ्या हातात, पायरीवर. पाखरं ओरडली की मी ओढायचं, तिनं उठून उभं राहायचं.

शेजारीण कुंपणावरून पाहत म्हणाली, "बकरी बांधली काऊन वयनी?"

नणंदेनं तिचे ओठ वाचले असावेत. म्हणाली, "बकरी नोको म्हणू, म्हैस म्हण. बकरीले तं तो घेऊन जाते."

शेजारीण पोट धरून हसली. मला हसू आलं नाही.

तुम्हाला खरं सांगते, त्यानंतर मला पाखरं दिसेनाशी झाली. हळद्या समोर बसायचा आणि मी त्याच्यामागचं झुडूप पाहायची. बुलबुल भांडले, ओढ. खार ओरडली, ओढ. पान पडलं तरी ओढ. नणंद उठायची, बसायची, उठायची. दयाळाची शीळ कानावर आली तर मनात यायचं, हा गातो आहे म्हणजे त्याला अजून काही दिसलेलं नाही. आणि गाणं थांबलं की ओढ.

एका सकाळी सातभाई पुन्हा सुरू झाले, तसेच, जोरात. मी दोर ओढला. दोर हलला नाही. नणंद खोडाच्या पलीकडे होती, मला दिसत नव्हती. दोन्ही हातांनी ओढला. ताठ. पलीकडून काहीच नाही.

मी अनवाणी धावले. वालाचा मांडव कुठे लागला, पायात काटा कधी मोडला, काही आठवत नाही. खोडाला वळसा घातला तर ही उकिडवी बसून फुलं वेचत होती, आणि दोर तिनं सोडून झाडाला बांधला होता.

मी तिच्या पाठीत धपाटा घातला. ती दचकली, मागे वळली, चिडली.

"दिवसभर वढत राह्यतं. मी मोह वेचू का उठबस करू? तुह्या भेवानं मरन मी एखांद्या दिवशी, बिबटानं नाई."

ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मग तिनं आपला मोहाच्या रसानं चिकट हात माझ्या छातीवर ठेवला.

"केवढं धडधडून राह्यलं वं," ती म्हणाली, हळू आवाजात, तिला स्वतःचा आवाज कळत नसला तरी. मग माझा हात धरून मला खाली बसवलं, तोंड कुंपणाकडे करून, आणि आपली पाठ माझ्या पाठीला टेकवली. "इथीच बस. तू आयक. मी वेचतो."

तेव्हापासून आम्ही तशाच बसतो, पाठीला पाठ लावून. ती सरकली की मी सरकते. पायरीवरून जे लांब होतं ते झुडूप आता माझ्या चार हातांवर आहे. भीती कमी झाली का? नाही. उलट जवळ आली. पण माझं अंग आखडलं की तिला पाठीतून कळतं, ओढावं लागत नाही.

मोह संपत आला होता, दोन-चार दिवसांचाच राहिला होता. सातभाई आमच्या अगदी जवळ पाचोळ्यात होते, एवढे जवळ मी ते आधी कधी पाहिले नव्हते. एकाएकी सगळे वर उडाले आणि गलका सुरू झाला. माझी पाठ ताठ झाली, आणि मी उठायच्या आधी ती उभी होती, टोपली डोक्यावर. मीही उठले. झुडूप हललं. एक मुंगूस बाहेर आलं, शेपूट फुगवलेलं, आणि आमच्या पायांजवळून घराकडे पळालं.

मी तिच्याकडे वळून ओठ हलवले, "मुंगूस."

"दिसला मले," ती म्हणाली. पण बसली नाही. टोपलीवरचा हातही काढला नाही. "तो कोणाले भेऊन बाहेर आला, ते पाह्य."

मी झुडपाकडे पाहत राहिले.