नष्ट कागदांची नोंदवही

पाणीपुरवठा कार्यालयाच्या तळमजल्यावरची रेकॉर्ड रूम सत्तावीस वर्षं एकाच बाईंच्या हातात होती. सगळे त्यांना तारीखबाई म्हणत. कागदावर तारीख आणि विभागाचं नाव नसेल, तर तो साहेबांचा का असेना, त्या आत घेत नसत. मागून लोक नावं ठेवायचे, पण बाई कुणाला भीक घालत नव्हत्या.

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना वरच्या मजल्यावर कार्यालयाचं अभिलेखागार सुरू झालं. कायम जपायचे कागद आता तिथे जाणार होते. त्यासाठी तिशीतली एक अभिलेखपाल नेमली होती. पहिल्याच दिवशी ती खाली उतरली. बाईंनी जुने नकाशे आणि याद्या तिच्यापुढे मांडल्या.

"हे नेईनच," ती म्हणाली. "पण आधी नष्ट केलेल्या कागदांची नोंदवही द्या."

बाईंनी कपाटातून वही काढून दिली. मुदत संपलेले कागद दरवर्षी कागद गिरणीत लगद्याला जायचे. कुठला कागद, कधी आणि कुणाच्या सहीने गेला, हे बाई त्या वहीत लिहायच्या. आता चौकशी लागली की काय? जे उरलंच नाही, त्याची यादी कुणाला कशाला हवी?

संध्याकाळी त्यांनी थोरल्या बहिणीला सांगितलं. अक्का शेंगा सोलत होती.

"नको ते टाकलंस का कधी?"

"नाही गं. सगळं नियमाप्रमाणे."

"मग घाबरतेस कशाला?"

"तेच तर कळत नाहीये."

पुढच्या आठवड्यात भांडार विभागाने कागदांची चाळीस पोती वर पाठवली. यादी नाही, काही नाही. पहिल्याच पोत्यात एकाच नावाचे तीन अहवाल निघाले, तिन्ही बिनतारखेचे. शेवटचा कुठला, हे भांडारवाल्यांनाही सांगता येईना. बाईंची अख्खी खोली मात्र आठ दिवसांत वर जाऊन फळ्यांवर लागली. अभिलेखपाल खूश होती. बाईंना वाटलं, यात विशेष ते काय?

मग एक तरुणी चौकशीला आली. तिचे वडील इथे पंपचालक होते. ती दोन वर्षांची असतानाच ते वारले होते.

"आठ वर्षं खेटे घालतेय," ती म्हणाली. "सगळे म्हणतात, सापडत नाही. मला नुसती त्यांची सही बघायची होती."

अभिलेखपालने नोंदवही उघडली. पंपचालकाची सेवा-फाइल नष्ट झाली होती, नोंद बाईंच्याच अक्षरात. पण समासात लिहिलं होतं: सेवेचा गोषवारा काढून कायम फाइलमध्ये ठेवला. पुढे क्रमांक होता. पाच मिनिटांत तो कागद टेबलावर आला. रुजू झाल्याची तारीख, तीन बदल्या आणि खाली तिरकी सही. मुलगी सहीजवळ बोट नेऊन थांबली.

"बाकीचं?"

"बाकीचं मी लगद्याला पाठवलं," बाई म्हणाल्या. "तसा नियम होता."

"'ते आता नाही', असं आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. तुम्ही पहिल्या. आता शोधणं तरी थांबेल." तिने बाईंचे हात हातात घेतले.

ती गेल्यावर बाईंना प्रश्न पडला. माफी मागायला हवी होती की आभार स्वीकारायला हवे होते? त्यांनी अभिलेखपालला विचारलं.

"मलाही नीट सांगता येणार नाही," ती म्हणाली. "पण ही वही नसती, तर ती अजून आठ वर्षं फिरली असती."

पुढे सगळ्या विभागांना अशा नोंदी ठेवण्याचा आदेश निघाला आणि शिकवायचं काम बाईंच्या गळ्यात पडलं. पहिल्या दिवशी अकरा कारकून समोर बसले. एकाने विचारलं, "काय ठेवायचं नि काय टाकायचं, हे कसं कळायचं?"

"नियमांचं पुस्तक आहे," बाई म्हणाल्या. "त्यापलीकडचं मला अजून कळलेलं नाही."

कारकून एकमेकांकडे बघू लागले. अकरातल्या चौघांनी पुढे नोंदी चालू ठेवल्या. बाकीच्यांच्या मागे लागण्यात बाईंचा निवृत्तीपर्यंतचा उरलेला काळ गेला.