खुर्चीतून काढलेली वाट

आमच्या दाजींनी उभ्या नोकरीत हजारो एकर जमीन मोजली आणि एकाही ढेकळावर पाय ठेवला नाही. मोजणी खात्यात असे पुष्कळ असतात, पण दाजींचे पांढरे कॅनव्हासचे बूट निवृत्तीच्या दिवशीही पांढरेच होते. मला हे पक्कं ठाऊक, कारण ते माझ्या थोरल्या बहिणीचे नवरे. त्यांच्याच वशिल्याने मी खात्यात साखळीवाला म्हणून चिकटलो आणि वीस वर्षं मोजणीच्या साखळीचं टोक धरून उन्हात उभा राहिलो. दाजी सावलीत, खुर्चीत, मांडीवर फळी आणि फळीवर नकाशा. उंटावरून शेळ्या हाकणे म्हणतात ते हेच, फक्त हा उंट सरकारी होता.

घरीही तीच तऱ्हा. ताईने पाण्याचा पेला हातात द्यायचा, रुमाल हातात द्यायचा, आणि दाजी सांगणार की आम्ही गरिबांसाठी राबतो. आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून मी खाली मान घालून जेवायचो.

मग कायदा आला. ठरावीक हद्दीपलीकडे कोणालाही शेती ठेवता येणार नाही; जास्तीची सरकार घेणार आणि ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांना वाटणार. कोणती जमीन सोडायची ते मात्र मालकाने ठरवायचं. कायदा करणाऱ्यांच्या अकलेची तारीफ करावी तेवढी थोडीच. आमच्या भागातल्या सगळ्यात बड्या जमीनदाराला सगळे थोरले मालक म्हणत. त्यांनी नेमकी मधली चाळीस एकर सोडली. चहूबाजूंनी त्यांचीच शेतं आणि मधे ही, परातीत ठेवलेल्या वाटीसारखी. आत जायला बोटभर वाट नाही. दोन वर्षं जमीन पडीक राहिली तर सरकार ती काढून घेणार, अशी वर अटही होती. म्हणजे ज्याला मिळेल तो कंटाळून ती मालकालाच कसायला देणार, नाहीतर गमावून बसणार.

वाट नसलेली जमीन वाटता येत नाही, असा खात्याचा नियम. दाजींनी तोडगा काढला. मालकांच्या ओसरीवर चहा पिता पिता त्यांनी नकाशावर पट्टी ठेवली आणि रस्त्यापासून त्या चाळीस एकरांपर्यंत दोन तुटक रेघा ओढल्या. मधे वळणदार अक्षरात ‘वाट, रुंदी बारा फूट’ असं लिहिलं. मी विचारलं, दाजी, ही वाट आहे कुठे? तर म्हणाले, तू साखळी धर. मी धरली. घरात खाणारी तोंडं होती हे खरं, पण मी भ्यालो हेही तितकंच खरं.

बारा कुटुंबांना जमीन मिळाली. अकरा जणांनी वर्षभर मालकांच्या दारात हात जोडले आणि नाद सोडला. बारावी होती एक विधवा, दुसऱ्यांच्या शेळ्या राखायची म्हणून शेळीवाली. उभ्या जन्मात तिच्या नावावर पहिल्यांदा काही लागलं होतं, आणि या हंगामात पेरलं नाही तर ते जाणार होतं. ती कार्यालयात आली, नकाशाची नक्कल काढली आणि माझ्यासमोर बसून एकेक रेघ समजून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी उसनी बैलजोडी आणि नांगर घेऊन ती त्या रेघांवरून निघाली.

आता दाजींची करामत बघा. पट्टी ठेवताना त्यांनी मान वर करून समोर पाहिलंच नव्हतं. त्यामुळे वाट जात होती मालकांच्या ओसरीवरून, गोठ्याच्या कोपऱ्यातून आणि पुढे उभ्या पिकातून. दाजींची खुर्ची नेहमी जिथे असायची, अगदी तिथूनच. बैल ओसरीपाशी येऊन थांबले. शेळीवालीने नकाशा पुढे केला. मालकांनी शिव्या घातल्या आणि तिच्याच नावाने घुसखोरीची तक्रार ठोकली. चोराच्या उलट्या बोंबा.

चौकशीला वरचे साहेब आले. त्याच ओसरीवर टेबल मांडलं गेलं. दाजींची पाचावर धारण बसली होती. वाट आहे म्हणावं तर मालक तुटतात, नाही म्हणावं तर खोट्या नकाशापायी नोकरी जाते. मालक त्यांच्याकडे एकटक बघत होते. इतक्या वर्षांचा चहा त्या नजरेत होता. साहेबांनी शेळीवालीला विचारलं, तुझं काय म्हणणं आहे?

“माझं काही नाही साहेब,” ती म्हणाली. “कागद तुमचा, रेघ तुमची. ती खोटी असेल तर यांनी तसं तोंडाने सांगावं, मी बैल वळवते.”

दाजींनी घाम पुसला, मालकांकडे पाठ केली आणि म्हणाले, “वाट आहे. जुनीच आहे. मालकांनी तिच्यावर ओसरी बांधलीय.”

साहेबांनी मला विचारलं, मोजणीला तुम्ही होतात? मी होय म्हणालो, मोजून घेतलीय म्हणालो. इतकं खोटं इतक्या आनंदाने मी कधी बोललो नव्हतो.

अर्धी ओसरी पाडली. शेळीवालीने त्याच हंगामात पेरलं आणि तिच्यामागे बाकीचे अकराही आत गेले. दाजींचा चहा बंद झाला, पण पडले तरी नाक वर. निवृत्तीच्या समारंभात गळ्यात हार घालून ते म्हणाले की बड्या मालकाच्या नाकावर टिच्चून गरिबांना वाट काढून दिली ती मीच. ताईनेही टाळ्या वाजवल्या, ते मला फार लागलं. मग कोणीतरी शेळीवालीला दोन शब्द बोलायला उभं केलं.

“साहेब म्हणतात ते खरं आहे, वाट त्यांनीच काढली,” ती म्हणाली. “आता एकदा चालूनही बघावी त्यांनी. चिखल आहे, पण माणूस पोहोचतो.”

दाजींनी बुटांकडे पाहिलं आणि उद्या येतो म्हणाले. ते काही गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच गेलो. मनात आलं होतं, निदान मला तरी ती चांगलं म्हणेल. तिने मला बांधावर बसवलं, तांब्याभर पाणी दिलं आणि सहज विचारलं, “त्या दिवशी साखळी धरलीत तेव्हा ठाऊक होतं ना तुम्हाला, वाट नाही ते?”

मी हो म्हणालो. तिने तांब्या परत घेतला आणि कामाला लागली.