कोंडाजीची मिशी आणि मानाचा नारळ

आंबेखारात जाऊन तुकाराम म्हात्र्याचं घर विचारलं, तर लोक डोकं खाजवत बसायचे. मॅनेजरचं घर म्हटलं की मात्र शेंबडं पोरही दारापर्यंत आणून सोडायचं. गावचा आखाडा, हुतुतूचा संघ आणि नाटक मंडळी या तिन्हींचा कारभार हा एकटा माणूस हाकत असे. तिन्ही नांदत एकाच जागेत, भागोजी घरताच्या विहिरीलगतच्या मोकळ्या आवारात. एका कोपऱ्यात लाल मातीचा हौद, मध्ये हुतुतूचं पटांगण, आणि चैत्रातली जत्रा आली की पलीकडच्या टोकाला पोफळीच्या ओंडक्यांवर रंगमंच उभा राहायचा.

तुकारामची रीत साधी होती. ज्याला नाटकात काम हवं त्याने आखाड्यात घाम गाळायचा, आणि ज्याला कुस्ती शिकायची त्याने जत्रेला पडदा ओढायचा. त्यामुळे आंबेखारचा पडदा जितक्या झोकात वर जायचा तितका मुंबईच्या कंपनीचाही जात नसेल. एका साली दोन पैलवानांनी ईर्षेने ओढला तेव्हा तो वाशासकट नाटकातल्या राजाच्या डोक्यावर आला, ते सोडा. हुतुतूत ज्याचा दम टिकतो त्याचा गाण्यातही टिकतो, असं तुकाराम सगळ्यांना ऐकवायचा. भागोजीच्या एकुलत्या मुलाने, कोंडाजीने, ते खरं करून दाखवलं होतं. कोंडाजी मुंबईला गिरणीत होता आणि जत्रेला न चुकता यायचा.

एकतीस साली मात्र दोन संकटं एकदम उभी राहिली. पहिलं म्हणजे, दरसाल नायिका होणाऱ्या सदाला जहाजावर नोकरी लागली आणि तो निघून गेला. गाणारा दुसरा गडी होता तो कोंडाजीच, पण त्याला झुबकेदार मिशी! आणि बाप जिवंत असताना मिशी उतरवायची म्हणजे बापाच्याच मरणाला आवतण देणं, असं सारं गाव मानत होतं. "तुझ्या बापाला मी विचारतो. तो व्हय म्हणेपर्यंत मिशीला हात लावू नकोस," असं तुकारामने शिमग्याला आलेल्या कोंडाजीला बजावलं.

विचारणार कधी? कारण दुसरं संकट खुद्द भागोजीच होता. इतकी वर्षं मुकाट्याने जागा देणारा हा माणूस शिमग्यानंतर एके सकाळी आखाड्याच्या कडेला येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "ही जत्रा झाली का उचला तुमचं बिऱ्हाड. औंदा हितं मी पांढरा कांदा लावनार हाय."

तुकारामच्या पायाखालची जमीन सरकली. आंबेखारला तीन बाजूंनी खारी जमीन, भरतीला पाणी चढणारी. विहिरीचं गोडं पाणी आणि घट्ट मुरूम असलेली दुसरी मोकळी जागा गावात नव्हती. जागा गेली की आखाडा गेला, संघ गेला, नाटक गेलं. तुकारामला ना मूल ना बाळ, बायको काशी आणि हा पसारा एवढंच त्याचं घर. भागोजी का बिथरला हे त्याला काही केल्या उमजेना. चिडलेल्या माणसाकडे जागा मागायची आणि वर त्याच्या मुलाची मिशीही मागायची, एवढी छाती त्याला झाली नाही. तो आज बोलू, उद्या बोलू करत राहिला. तेवढ्यात भागोजीचा खोकला बळावला आणि तो औषधपाण्यासाठी मुंबईला मुलाकडे गेला.

जत्रेला चार दिवस उरले असतील. तुकाराम ओंडके पुरत होता, आणि भागोजीची चुलतबहीण ठमाबाई रेवसच्या धक्क्यावरून बैलगाडीने आली ती छाती पिटतच.

"गेला रे माझा भाऊ! कोंडाजी येकलाच उतरला बोटीतून. डोक्याला फडकं, आन मिशी न्हाय! भागोजी कुठं म्हनून विचारलं तर पोराच्या तोंडातून शबूद फुटंना. नुसता गळ्याला हात लावून मान हलवतोय!"

कोंडाजी तिकडे धक्क्यावर सामान उतरण्याची वाट पाहत थांबला होता. तुकारामने हातातली कुदळ टाकली. भागोजी बरा नव्हता हे गावाला ठाऊक होतं. विचारल्याशिवाय मिशीला हात लावू नकोस, असं कोंडाजीला त्याने स्वतःच सांगितलं होतं. मग मिशी उतरली ती दुसऱ्या कशासाठी?

आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याच्या मनात आलं, की चला, जागा वाचली. कोंडाजी काही आखाडा उठवणार नाही. हे मनात आलं मात्र, त्याला स्वतःचीच किळस आली.

घटकाभरात विहिरीपलीकडे भागोजीच्या अंगणात गाव जमलं. कोणी म्हणालं, तोंडाचा फटकळ, पण खाडीचा बांध फुटला तेव्हा गळ्याइतक्या चिखलात पहिला तोच उतरला होता. शेजारच्या केसरने पदर डोळ्यांना लावून सांगितलं, की तिच्या बाळंतपणात याच विहिरीचं पाणी भागोजीने स्वतः भरून दिलं. तुकाराम उठून उभा राहिला.

"माझ्यासारखा करंटा मीच," तो म्हणाला. "भागोजीदादाने जागा दिली, पानी दिलं, सोताचा पोरगा दिला. आन दरसाली नाटकाआदी फोडायचा मानाचा नारळ मी दिला कोनाला? कचेरीतल्या सायबाला! का, तर परवानगीला अडचन नको. भागोजीदादा मागं विहिरीच्या काठावर बसून नाटक बघायचा. तू फुडं येऊन बस, असं एकदा तरी म्हनलं का मी? आता कोनाला म्हनू?" एवढं बोलून तो लहान मुलासारखा रडायला लागला.

"मंग ह्ये मी जिता आसताना सांगाया काय तोंडात मिठाची गुळणी धरली व्हतीस?"

आवाज विहिरीकडून आला. तिथे भागोजी उभा होता, पायाला खाडीचा चिखल, काखेत गाठोडं. तो मुंबईहून दोन दिवस आधीच मचव्याने निघून उरणला लेकीकडे, राहीकडे, उतरला होता आणि आता पायवाटेने घरी पोहोचत होता. बराच वेळ उभा असावा, कारण खोकल्याचं निमित्त करून तो डोळे पुसत होता.

ठमाबाईने किंकाळी फोडली. मग भानावर येऊन भावाच्या पाठीत धपाटे घालत म्हणाली, "मेल्या, जिता हायेस तर बोटीने यायला काय झालं व्हतं?"

तेवढ्यात उन्हासाठी डोक्याला बांधलेल्या फडक्यावर ट्रंक घेऊन कोंडाजी आला. मुंबईत हुतुतूच्या सामन्यात ओरडून त्याचा गळा पार बसला होता. खुणांनी आणि घोगऱ्या कुजबुजीने त्याने सांगितलं ते असं: मॅनेजर काही आपल्या बापाला विचारत नाही हे त्याने ओळखलं होतं. बाप राहीकडे गेलेला पाहून त्याने मिशी उतरवून टाकली, म्हटलं ओरडा खायचा तो एकदाच खाऊ. ट्रंकेत शालू आणि केसांचा टोप होता.

भागोजीने मुलाच्या ओठाकडे निरखून पाहिलं. "उतरवलीस ती उतरवलीस. आता काम तरी नीट कर," एवढंच बोलून तो घरात गेला. जागेबद्दल चकार शब्द नाही, आणि तुकारामलाही विचारायचं धाडस झालं नाही. काशी मात्र तीन दिवस आल्याचा रस पाजून कोंडाजीचा गळा ताळ्यावर आणत होती.

जत्रेच्या संध्याकाळी तुकारामने मानाचा नारळ भागोजीच्या हातात ठेवला. कचेरीतले साहेब शेजारच्या खुर्चीवर बसले आणि त्यांचं काहीच बिघडलं नाही. भागोजीने नारळ एका घावात फोडला.

नाटक रंगलं. तिसऱ्या अंकात नायिकेला बाप गेल्याची बातमी कळते. शालू नेसलेला कोंडाजी गुडघे टेकून असा रडला, की बायकाच काय, पैलवानही नाक ओढायला लागले. "बाबा, मला टाकून कुठं गेलात हो?"

पहिल्या खुर्चीवरून भागोजी ताडकन उठला.

"आरं रडतोस कशाला? मी हितंच हाय!"

मांडव हसून लोटपोट झाला. भागोजी खाली बसेना. त्याने पडद्याच्या बाजूला मान वळवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आन मॅनेजर, कांदा मी घरामागं लावीन. हितली माती तुज्या पोरांनी पार तुडवून टाकलीय."

पडद्याआडून तुकारामने दोन्ही हात वर केले आणि भागोजीला जोडले. मॅनेजरचे हात वर गेले की पडदा पाडायचा, हीच इतक्या वर्षांची खूण. पैलवानांनी दोर सोडले आणि नायिका रडत असतानाच पडदा धाडकन खाली आला.

लोक ओरडायला लागले, "उचला! उचला!" पण मॅनेजरने तो लगेच उचलू दिला नाही. त्याला आधी डोळे पुसायचे होते.