ताईला दिलेले हजार वॅट

माझी ताई पुस्तकांच्या शेवटी येणाऱ्या सूच्या करते. कुठलं नाव कुठल्या पानावर आलंय ते सांगणारी बारीक अक्षरातली पानं असतात ना, जी कुणी कौतुकानं वाचत नाही पण नसली की अभ्यासू मंडळी कुरकुरतात, ती. एकतीस वर्षं हे काम ती घरी बसून करतेय. छापखान्यातून पानांचा गठ्ठा यायचा, ताई एकेक नाव चिठ्ठीवर उतरवायची आणि चिठ्ठ्या बुटांच्या रिकाम्या खोक्यांत अकारविल्हे लावायची. आठशे चिठ्ठ्यांत एखादी इकडची तिकडे झाली, तर तिला घास गोड लागायचा नाही.

आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि ताई एकोणीसची. माझं दप्तर, माझे ताप, माझ्या नापास झालेल्या परीक्षा, सगळं तिनंच निस्तरलं. लग्न का केलं नाहीस असं कुणी विचारलं, तर म्हणायची, "सूचीत कुठे बसवावं तेच कळेना." लोक हसायचे आणि विषय तिथेच मिटायचा.

मी कॉम्प्युटर जोडून विकतो. दहा बाय बाराचं दुकान आहे आणि बाजारात मला हजारी म्हणतात. हे काही कौतुकाचं नाव नाही. कॉम्प्युटरच्या पोटात पॉवर सप्लाय नावाचा एक डबा असतो, भिंतीतली वीज घेऊन आतल्या सगळ्यांना वाटून देणारा. साध्या कामाच्या मशीनला चारशे वॅटचा डबा लागला तरी डोक्यावरून पाणी. मी मात्र दिसेल त्याला साडेसातशेचा नाही तर हजाराचा लावायचो. दोन माणसांच्या स्वयंपाकाला लग्नाचं पातेलं. गिऱ्हाईक जरा बिचकलं की माझं वाक्य तयार असायचं, कमी पडलं तर सगळं जळेल, मग माझ्याकडे यायचं नाही. जळेल म्हटलं की माणूस मुकाट्यानं मान डोलावतो. मोठ्या डब्यावर मला सुटायचंही जास्त. हे मी इतकी वर्षं केलं, की शेवटी ते खोटं आहे हेही मला आठवेनासं झालं.

चार वर्षांपूर्वी छापखान्यानं ताईला कळवलं, की यापुढे सूची हातानं लिहून चालणार नाही, कॉम्प्युटरवर करून पाठवा. ती माझ्याकडे सल्ला विचारायला आली. मी म्हटलं, सल्ला कसला विचारतेस, मशीनच देतो, माझ्याकडून भेट. तिचे डोळे भरून आले. मी छाती फुगवून बसलो.

खरी गोष्ट अशी होती, की दुकानाच्या माळ्यावर हजार वॅटचा एक डबा दोन वर्षं पडून होता. भला थोरला, जड, जुन्या धाटणीचा. सगळं जळेल अशी भीती घातली तरी कुणी तो घेत नव्हतं. तोच मी पुसून ताईच्या मशीनमध्ये बसवला आणि त्याचं खोकंही तिला देऊन टाकलं. देताना म्हणालो, "हजार वॅट आहे बरं का. इस्त्रीएवढी ताकद." चालू कसं करायचं, बंद कसं करायचं, अक्षरं कुठे असतात, एवढं तिला दाखवलं आणि दुकानाची घाई म्हणून निघालो. तिच्या कामाला ते मशीन नेमकं काय करू शकतं, हे दाखवायला मला अर्धा तास सवड नव्हती.

ताईचं काम वेगानं होईल असं छापखान्याला वाटलं होतं. झालं उलटंच. आठवड्याची सूची तीन आठवड्यांवर गेली. आधी जाड पुस्तकं येईनाशी झाली, मग मधली. हे मला कळलं तेव्हा मी काय केलं? काकांकडे सगळे जेवायला जमलो होतो. भरल्या पंगतीत मी म्हणालो, "मशीन हजार वॅटचं दिलंय, पण चालवणारी पडली चाळीस वॅटची." सगळे हसले. ताईही हसली आणि मला आग्रहानं वाढायला उठली.

गेल्या महिन्यात सहज तिच्याकडे गेलो होतो. दुपारची वेळ होती, ताई खोकी मांडून चिठ्ठ्या लावत बसली होती. आलोच आहे तर मशीन साफ करून देऊ म्हणून मी बाजूचं झाकण काढलं. आमच्या धंद्यात मशीनचं वय धुळीवरून कळतं. चार वर्षं चाललेल्या पंख्यावर बोटभर लव साचते, ती खरवडून काढावी लागते. ताईच्या पंख्यावर जेमतेम एक पातळ थर होता, फुंकर मारली की उडेल असा. मला आधी वाटलं, काय निगुतीनं ठेवलंय हिनं. पण घर कितीही झाडलं तरी दिवसभर चालत्या पंख्यावर लव साचतेच. मी विचारलं, ताई, हे चालवतेस की नाही?

"चालवते की. रोज एक तास, घड्याळ लावून."

आणि उरलेला दिवस? तर उरलेला दिवस ती पूर्वीसारख्याच चिठ्ठ्या करायची. सगळी सूची हातानं जुळवून झाली, की रोज एक तास बसून ती टंकायची. एकच काम दोनदा. असं का, म्हणून मी विचारलं.

"तूच म्हणालास ना, इस्त्रीएवढं. इस्त्री दिवसभर कुणी चालू ठेवतं का? बिल केवढं येईल!"

हजार हा डब्याचा आवाका झाला. तिचं मशीन शंभरच्या आसपासच वीज घेत असेल. घरात हजार लिटरची टाकी बसवली म्हणून आपण रोज हजार लिटर पाणी पितो का, असं मी तिला समजावलं. तिला ते लगेच पटलं. जन्मभर अवघड पुस्तकं वाचलेली बाई ती, न पटायला काय झालं. चार वर्षांत मी एकदा धड सांगितलं असतं तर काम झालं असतं. मग मला आधी का विचारलं नाहीस म्हटलं, तर म्हणाली, तू एवढ्या हौसेनं दिलंस, मला झेपत नाही हे कुठल्या तोंडानं सांगायचं.

मी मशीन चालू केलं. तिनं अलीकडेच टंकलेली तीनएकशे नावांची यादी मी उघडली, मुद्दाम उलटीसुलटी केली आणि एक कळ दाबून पुन्हा अकारविल्हे लावून दाखवली. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच झालं. ताईनं चष्मा पुसला, वरून खालपर्यंत नावं तपासली. एकही इकडची तिकडे नव्हती.

"एवढंच?" ती म्हणाली. हातातली चिठ्ठी तिनं तशीच मांडीवर ठेवली.

तिनं माझा हात धरला. म्हणाली, "चार वर्षं मी मनातल्या मनात तुला बोल लावत होते रे. भेट दिली की शिक्षा, असं वाटायचं. चूक माझीच, मलाच कळलं नाही. माफ कर मला."

ज्या बाईनं मला लहानाचं मोठं केलं, ती माझी माफी मागत होती. गप्प बसलो असतो तर सगळं तिथेच झाकलं गेलं असतं, तिच्या अडाणीपणाखाली. आणि खोटं कशाला बोलू, क्षणभर मी गप्प बसलोही.

मग तिनं अगदी साधेपणानं विचारलं, "पण शंभरच लागतात, तर तू हजाराचा कशाला बसवलास?"

कमी पडू नये म्हणून, हे दुकानातलं वाक्य ओठांवर आलं. अर्धं बाहेरही पडलं. ती मान डोलावू लागली, माझी गिऱ्हाइकं डोलावतात तशीच. ते मला बघवेना.

"विकला जात नव्हता, ताई," मी म्हणालो. "दोन वर्षं माळ्यावर पडला होता. म्हणून तुला दिला."

ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती पडद्यावरच्या नावांकडे वळली.

"पडून होता म्हणून देतोय, एवढंच सांगायचं होतंस," ती म्हणाली. "मी घेतलाच असता की. बिलाचं विचारायला संकोचही वाटला नसता, आणि दिवसभर वापरला असता."